पिकलेला गळा

आवाज बसतो असं सगळी दुनिया म्हणते. आमच्या घरात आवाज पिकतो.

आजोबा, मग तात्या म्हणजे आमचे वडील, आणि त्यांच्यामागे दादा, तिघेही फळांच्या घाऊक बाजारात लिलाव पुकारायचे. पहाटे पेट्या उतरायच्या, सहाच्या ठोक्याला ओट्यावर उभं राहायचं आणि अकरापर्यंत ओरडायचं, एवढाच धंदा. माईक नाही. माईकवर पुकारणाऱ्याला बाजारात हिंग लावून कोणी विचारत नाही. असं पंधरा-वीस वर्षं ओरडलं की आवाज जाड, खरखरीत होतो आणि शेवटच्या गाळ्यापर्यंत जाऊन पोचतो. त्याला म्हणायचं, गळा पिकला. ज्याचा गळा पिकला त्याला मधला ओटा आणि मोठ्या बागांचा माल. ज्याचा पिकला नाही तो कडेच्या ओट्यावर डागी फळं पुकारत म्हातारा होतो.

शब्द फळवाल्यांचा, त्यामुळे पिकणं म्हणजे चांगलंच, यात कोणाला शंका नव्हती. गळूसुद्धा पिकतं, हे कोणाच्या डोक्यात आलं नाही. माझ्याही नाही. आणि माझा तर सगळा जन्म लोकांचे पिकलेले कान आणि सुजलेले घसे बघण्यात गेलाय.

मी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांच्या दवाखान्यात एकोणीस वर्षं आहे. केसपेपर भरते, आरसे उकळते, कानातला मळ काढताना वाटी धरते, नाकात चण्याएवढे मणी कोंबून आलेल्या पोरांचे हात धरते. घसा बघताना पेशंटची जीभ ओढून धरायचं कामही माझंच. डॉक्टरांचा डावा अंगठा कधीतरी दारात चेमटला, तेव्हापासून त्यांची पकड नीट बसत नाही. त्यामुळे कापसाची जाळी जिभेभोवती गुंडाळायची, अंगठा आणि बोटात पकडायची आणि पेशंटला म्हणायचं, “ई म्हणा.” या शहरातल्या निम्म्या बोलघेवड्या लोकांच्या जिभा मी चिमटीत धरल्या आहेत. माझा तोरा काय विचारता!

आणि तोंड माझं तिखट. दादा मला लहानपणापासून ठिणगी म्हणायचा. दवाखान्यात तर मी वणवाच. डॉक्टरांचा एक नियम आहे, तो मी बाहेरच्या भिंतीवर माझ्या अक्षरात लिहून लावलाय: आवाज तीन आठवड्यांत सुटला नाही तर घसा दाखवा. नुसतं लिहून मी थांबत नसे. कोणी उशिरा आलं की सगळ्या बाकांसमोर त्याची बिनपाण्याने करायचे.

एकदा एक शाळेतल्या बाई आल्या, सहा आठवडे आवाज बसलेला. मी म्हटलं, “बाई, सहा आठवडे? तुमच्या घरात कोणाला कान नाहीत का?” बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. नंतर कळलं की त्यांना साध्या गाठी होत्या, जास्त बोलून येतात तशा. मौन पाळलं आणि त्या बऱ्या झाल्या. डॉक्टर मात्र शिकायला येणाऱ्या पोरींना कौतुकाने सांगत होते, “या बाई दारात असताना तीन आठवड्यांवर कोणी लपवू शकत नाही.” मी नाक वर करून केसपेपर लावत होते.

लोका सांगे ब्रह्मज्ञान, स्वतः कोरडे पाषाण. ही म्हण माझ्यासाठीच कोणीतरी करून ठेवली असावी.

दादाचा गळा वर्षानुवर्षं पिकला नाही. त्याचा आवाज बारीक आणि स्वच्छ होता. बाजारात त्याला पिपाणी म्हणायचे. तोंडावर म्हणायचे, आणि तो हसायचा, पण घरी येऊन तासभर कोणाशी बोलायचा नाही. गळा लवकर पिकावा म्हणून त्याने काय नाही केलं. थंडगार पाणी प्यायचा, ऊन-ऊन चहा प्यायचा, बंद गोदामात जाऊन एकटाच ओरडायचा. जुन्या पुकारणाऱ्यांनी सांगितलं की सिगारेटने गळा पिकतो, तर तेही सुरू केलं, दिवसाला पाकीट-दीड पाकीट. मी ओरडले तर म्हणाला, “ठिणगे, तात्यांचा मधला ओटा मी कडेला उभा राहून बघतो रोज. तुला काय कळणार?”

शेहेचाळीसाव्या वर्षी त्याचा गळा पिकला. हां हां म्हणता, महिन्याभरात. तो घरी जिना चढत आला आणि खालूनच त्याने हाक मारली तर वहिनीला वाटलं वारलेले सासरेच आले. ती घाबरून बाहेर आली. मग आम्ही सगळे हसलो. त्या आठवड्यात बाजाराने त्याला मधल्या ओट्यावर चढवलं. एक म्हातारा अडत्या रडला, म्हणाला, तात्या परत आले. मी रजा टाकून ऐकायला गेले होते. दादाने पहिली पेटी पुकारली तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. खाली उतरल्यावर मी त्याला मिठी मारली आणि म्हटलं, “पिकलास रे बाबा एकदाचा.”

हे माझेच शब्द. हे तोंडही माझंच. घरी आठ महिने तो तसा बोलत होता, माझ्याकडे येऊन माझ्यासमोर जेवत होता, फोनवर हाका मारत होता, आणि मी रोज सकाळी दवाखान्यात जाऊन परक्या माणसांना विचारत होते, आवाज कधीपासून असा आहे? घरच्या आवाजाकडे मी कानाडोळा केला असंही म्हणता येत नाही. मला तो ऐकून आनंद व्हायचा.

आठ महिन्यांनी तो दवाखान्यात आला तो कान दुखतो म्हणून.

“डावा कान ठणकतोय, ठिणगे. मळ असेल. काढून टाक आणि सोड, मला गोदामावर जायचंय.”

डॉक्टर आत एका म्हाताऱ्याच्या नाकातून येणारं रक्त थांबवत होते. मी दादाला कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसवलं आणि कान बघायची बॅटरी लावून आत पाहिलं. मळ नव्हता. पू नव्हता. लाली नव्हती. पडदा शिंपल्याच्या आतल्या बाजूसारखा स्वच्छ चकाकत होता.

मी बॅटरी काढली, पुसली, परत लावली. पुन्हा तेच.

एकोणीस वर्षांत डॉक्टरांकडून मी एक गोष्ट शंभरदा ऐकली होती. कान स्वच्छ आणि तरी दुखतो, तर घसा बघा. कान नुसता रडतो, मारणारा खाली बसलेला असतो. मी दादाकडे पाहिलं. तो म्हणाला, “काय गं, मेंदू दिसला की काय?” त्या पिकलेल्या आवाजात म्हणाला. आणि आठ महिन्यांत पहिल्यांदा मला तो आवाज ऐकू आला.

“घसा पण दाखवून घे,” मी म्हटलं. “आलाच आहेस तर.”

“घशाला काय झालंय? उलट आत्ताच कुठे बरा झालाय.”

मी त्याचा केसपेपर भरला. नाव, वय, धंदा. ‘तक्रार’ या रकान्यात आवाज लिहिलं. ‘कधीपासून’ हा रकाना कोरा ठेवला. मुद्दाम ठेवला की हात थांबला, मला सांगता येणार नाही. कानाचं मी लिहिलंच नाही.

आत नेल्यावर डॉक्टर मोकळेपणाने हसले. “अरे वा, भाऊ का? बसा, बसा. आवाज जरा जड वाटतोय.”

“जड नाही हो डॉक्टर, पिकलाय,” दादा अभिमानाने म्हणाला आणि त्याने दोन वाक्यांत बाजाराचं सांगितलं. डॉक्टरांना गंमत वाटली. त्यांनी कपाळावरचा दिवा खाली ओढला, आरसा दिव्यावर गरम केला. मी दादाच्या जिभेला जाळी गुंडाळली आणि ओढून धरली. सख्ख्या भावाची जीभ बोटांत धरलेली मी पहिल्यांदाच.

डॉक्टरांनी आरसा आत घातला आणि तेवढ्यात केसपेपरावर नजर टाकली. “कधीपासून ते लिहिलं नाहीत? बरं, तुमचे भाऊ म्हणजे वेळेवरच आलेले असणार. किती दिवस झाले?”

दादाची जीभ माझ्या हातात होती. तो बोलू शकत नव्हता. बोलायचं मलाच होतं.

बाहेर बाकावर सहा-सात माणसं होती, दार उघडं होतं, आणि दाराशेजारी माझ्या अक्षरातला तो कागद. शिकाऊ पोरगी माझ्याकडे बघत होती. मला त्या शाळेतल्या बाई आठवल्या. घरात कोणाला कान नाहीत का?

“तीन आठवडे,” मी म्हटलं.

दादाच्या घशातून कसलातरी आवाज आला. डॉक्टरांना वाटलं त्याला ओकारी आली. ते म्हणाले, “शांत, शांत, नाकाने श्वास घ्या.” दादा माझ्याकडे बघत होता. मी जीभ सोडली नाही. उलट थोडी घट्टच धरली.

त्याला खरंच ओकाऱ्या यायला लागल्या, त्यामुळे नीट दिसेना. डॉक्टरांनी तीनदा प्रयत्न केला. मग म्हणाले, “डाव्या बाजूला सूज आहे. रोज पाच तास ओरडल्यावर दुसरं काय होणार? तीनच आठवडे झालेत तर घाईने दुर्बीण घालायचं कारण नाही. पंधरा दिवस पूर्ण मौन, सिगारेट बंद, या गोळ्या. नाही उतरलं तर दुर्बिणीने बघू.” मी त्यांचा सल्ला माझ्याच हाताने लिहिला. वर ‘कधीपासून’च्या रकान्यात तीन आठवडे लिहिलं. अक्षर छान आलं.

बाहेर व्हरांड्यात दादाने विचारलं, “तीन आठवडे का म्हणालीस गं? आठ महिने झाले की.”

“तसंच लिहायचं असतं,” मी म्हटलं.

“अच्छा,” तो म्हणाला. आणि त्याने ते मानलं. या खात्यातलं मला कळतं, अशी त्याची पक्की समजूत होती. गोळ्या खिशात टाकून तो गोदामावर गेला.

पंधरा दिवसांनी तो आला नाही. हंगाम ऐन भरात होता, मधला ओटा नुकताच हातात आलेला, मौन कोण पाळतो? मी फोन केला तर म्हणाला, “गोळ्यांनी बरं वाटतंय. कानही कमी दुखतो.” मी त्याला ओढून आणू शकले असते. वहिनीला सांगू शकले असते. डॉक्टरांना एका वाक्यात खरं सांगू शकले असते, रोज सकाळी नऊ वाजता, त्यांच्या टेबलावर चहा ठेवताना. रोज मी म्हणायचे, उद्या. गोळ्यांनी बरं वाटतंय म्हणतो ना, मग साधी सूजच असेल. मला साधी सूज हवी होती, म्हणून मी साधी सूज धरून बसले. असे दोन महिने गेले.

दोन महिन्यांनी वहिनीने फोन केला. “वन्सं, हे जिना चढताना शिटी वाजल्यासारखा श्वास घेतायत. पाणी पिताना ठसका लागतो. काल गळ्याशी गाठ लागली हाताला.”

मी त्याला घेऊन आले. डॉक्टरांनी नाकातून दुर्बीण घातली. पडद्यावर दादाचा घसा दिसला. डाव्या बाजूच्या आवाजाच्या पट्टीवर खडबडीत, पांढुरकी वाढ होती, वरपासून खालपर्यंत, आणि ती पट्टी हलत नव्हती. दादा ई म्हणत होता, उजवी हलत होती, डावी खिळा ठोकल्यासारखी जागच्या जागी. शिकाऊ पोरीलाही कळलं. ती खाली बघायला लागली.

डॉक्टरांनी दादाला बाहेर बसवलं आणि जुना केसपेपर मागितला. माझं अक्षर वाचलं. चष्मा काढला, पुसला.

“दोन महिन्यांपूर्वी तीन आठवडे,” ते म्हणाले. “हे इतक्या लवकर एवढं वाढत नाही, बाई.”

त्यांनी कागद माझ्यासमोर धरला.

“किती?”

“आठ महिने. तेव्हाचे आठ.”

त्यांनी मला शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्यांनी मोठ्या हॉस्पिटलला चिठ्ठी लिहिली. दुसऱ्या दिवसापासून पेशंटला ‘कधीपासून’ हा प्रश्न ते स्वतः विचारायला लागले आणि उत्तरही स्वतःच्या हाताने लिहायला लागले. माझ्याकडे आरसे उकळणं राहिलं. भिंतीवरचा तो कागद मी काढायला गेले तर म्हणाले, “राहू दे. बरोबर आहे ते.”

मोठ्या हॉस्पिटलात तुकडा काढून तपासला. कॅन्सरच निघाला. तिथल्या सर्जनने कागदावर गळ्याचं चित्र काढलं आणि समजावलं. स्वरयंत्र पूर्ण काढावं लागेल. गळ्याला खाली भोक राहील, श्वास तिथून. जगायची आशा चांगली आहे. आवाज मात्र जाणार.

“म्हणजे बसणार?” दादाने विचारलं.

“बसणार नाही. राहणारच नाही.”

दादाने त्या चित्रावर बोट ठेवलं. मग विचारलं, “आधी आलो असतो तर?”

सर्जन तरुण होता, त्याला काही माहीत नव्हतं. सरळ म्हणाला, “अगदी सुरुवातीला आला असता तर नुसत्या किरणांच्या शेकावर भागलं असतं. आवाजही राहिला असता बहुतेक. दोन महिन्यांपूर्वी? सांगता येत नाही. कदाचित थोडंच कापून निभावलं असतं.”

“दोन महिन्यांपूर्वी आलोच होतो की,” वहिनी म्हणाली. “वन्संच्या दवाखान्यातच दाखवलं होतं. तीन आठवड्यांचं आहे म्हणून गोळ्या दिल्या.” आणि ती माझ्याकडे वळली, रागाने नाही, आधारासाठी. “हो की नाही वन्सं?”

मी हो म्हटलं.

ऑपरेशनला दादा लगेच तयार झाला नाही. चार दिवस म्हणत होता की पुकारणारा मुका होऊन काय करणार, त्यापेक्षा हंगाम पुरा करतो आणि मरतो. शेवटी त्याच्या मुलीने त्याला सांगितलं, “बाबा, मला तुमच्या आवाजाशी नाही, तुमच्याशी काम आहे.” चौदा वर्षांची पोर. तो रडला आणि त्याने सही केली.

ऑपरेशन सकाळी सातला होतं. आदल्या दिवशी चार ते पाच या भेटीच्या वेळात बाजार लोटला. नर्स दोघा-दोघांना आत सोडत होती. प्रत्येकाला दादाच्या तोंडून आपलं नाव एकदा ऐकायचं होतं. हमाल, अडत्ये, चहावाला, सगळे खाटेजवळ यायचे आणि दादा त्यांची नावं पुकारायचा, पेटी पुकारावी तशी, हळू आवाजात, मध्ये श्वास घेत. “हा नग थोडा डागी आहे, पण गोड आहे, बोला!” असं म्हणायचा, आणि ती दांडगी माणसं हसता हसता तोंड फिरवायची. मुलगी सगळं मोबाईलवर उतरवून घेत होती.

पाचला सगळे गेले. मुलगी त्यांना सोडायला खाली गेली, वहिनी कागदांवर सह्या करायला. खोलीत आम्ही दोघंच उरलो. त्याने हात पुढे केला, मी तो धरला.

“बघ,” तो म्हणाला, “तू नेलंस म्हणून निदान कळलं तरी. नाहीतर मी काय दाखवणार होतो! उगाच मनाला लावून घेऊ नको, ठिणगे.”

हे मला सहन झालं नाही. दुसरं काहीही बोलला असता तर मी गप्प राहिले असते, आजपर्यंत राहिले असते.

“दादा,” मी म्हटलं, “तसं लिहायचं नसतं.”

त्याला आधी कळलं नाही.

“केसपेपरवर. आठ महिन्यांचं तीन आठवडे. असं काही लिहायचं नसतं. मला लाज वाटली. मी सगळ्या गावाला झापते आणि माझ्याच घरात आठ महिने. डॉक्टरांसमोर, त्या सगळ्या लोकांसमोर मला लाज वाटली, म्हणून मी खोटं सांगितलं. तुझा कान स्वच्छ होता, तेव्हाच मला कळलं होतं. खरं सांगितलं असतं तर त्यांनी त्याच दिवशी दुर्बीण घातली असती.”

एका दमात बोलले. तो ऐकत होता. माझ्याकडे बघत होता, अगदी तसाच, जीभ माझ्या हातात असताना बघत होता तसा. मग त्याने माझ्या हातातून हात काढून घेतला. झटकला नाही. काढून घेतला आणि पांघरुणावर ठेवला.

“बोल ना,” मी म्हटलं. “शिव्या दे. काहीही दे.”

तो भिंतीकडे बघत राहिला.

वहिनी आली. तिला तो म्हणाला, “सह्या झाल्या का गं?” आवाज खरखरीत, पण स्पष्ट. रात्री झोपायची गोळी घेऊन नर्स आली तर तिला म्हणाला, “उद्या किती वाजता उठवणार?” मुलीला त्याने लहानपणचा एक विनोद सांगितला, माझ्याच फजितीचा, मी समोर बसलेली असताना, माझ्याकडे न बघता. सकाळी ढकलगाडीवर घातल्यावर मुलीच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाला, “घाबरू नको.” वहिनीला तिच्या माहेरच्या नावाने हाक मारली. मी पायाशी उभी होते. गाडी माझ्यासमोरून गेली आणि दार बंद झालं.

दादा जगला. वर्ष होऊन गेलं. लिहून बोलतो. मी गेले की पाटीवर ‘बस’ लिहितो, ‘चहा घे’ लिहितो, पाहुण्याला लिहावं तसं. एकदा मी त्याला त्या संध्याकाळचं सरळ विचारलं, तर त्याने पाटी पुसली आणि पुन्हा लिहिलं, ‘चहा घे’.

बाजारातली माणसं भेटली की हळहळतात, तुमच्या भावाचा आवाज गेला हो, वाईट झालं. मी मान हलवते. पण त्या संध्याकाळी पाचपासून दुसऱ्या दिवशी सकाळी सातपर्यंत, चौदा तास, तो आवाज त्याच्याजवळ होता. त्याने तो सगळ्यांना दिला. मला एक शब्द दिला नाही.